बायडाआक्कांची दगडांवरची जीप

मदत बायडाआक्कांनी केली. हे नाव आधी लिहून टाकतो. पुढं ट्रक येईल, लग्न येईल, आबा येतील, आणि माझी सवय अशी की घाबरल्याची गोष्ट सांगायला लागलो की मी नुसतं घाबरल्याचंच सांगत बसतो. ज्या माणसानं हात धरला ते बाजूला राहून जातं. म्हणून आधीच. सणसरच्या बायडाआक्का. बारामतीहून इंदापूरकडं जाताना सणसर मागं पडलं की उजव्या हाताला बाभळीखाली जुन्या गाड्यांच्या सामानाचा पसारा दिसायचा, तो त्यांचा.

मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. काटेवाडीच्या एका भाजीपाल्याच्या बागायतदाराकडं नोकरीला लागलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मालकांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. घर इतकं लांब की पत्रात काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत प्रश्न बदललेला असायचा. बोली वेगळी, भाकरी वेगळी. काही चुकलं तर आपल्या बाजूनं बोलणारं इथं कुणी नाही, ही एक गोष्ट सतत पोटात असायची. गाडी चालवताना दुसऱ्यांचं लक्ष रस्त्यावर असतं. माझं रस्त्यावर असायचं आणि शिवाय पोटातल्या त्या गोष्टीवर.

आक्कांची पहिली ओळख पाण्याची. टोमॅटोचे क्रेट घेऊन इंदापूरच्या बाजारात जाताना रेडिएटर तापला, म्हणून बाभळीखाली थांबलो. लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घातलेली एक बाई लोखंडाच्या ढिगात बसून टकळीवर काळी लोकर कातत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि त्याच्या शेजारी ग्रीसचा डाग.

"पाणी मिळन का मावशी? गाडीले पाहिजे," मी म्हणालो.

"गाडीले?" त्यांनी वर पाहिलं. "कुठनं आलास रं? आन् गाडीला पाजाय आलायस, सवताच्या तोंडाला कोरड पडलीया ती दिसंना व्हय?"

आधी मला तांब्या दिला, मग गाडीला बादली. तेव्हापासून मी त्यांचा वऱ्हाड्या झालो.

आक्कांच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं मेंढरं होती. कालव्याच्या पाण्यानं ऊस वाढत गेला, चरायची रानं बंद झाली, कळप विकला गेला. त्यांचे मालक, तात्या, एका गॅरेजात हेल्पर झाले आणि तिथून हळूहळू या जुन्या सामानाच्या धंद्यात आले. धंदा नावाला तात्यांचा. तात्या पाना फिरवायचे, ओझं उचलायचे आणि कमी बोलायचे. कोणती वस्तू कुणाला द्यायची हे आक्का ठरवायच्या.

"मेंढरं गेली," त्या म्हणायच्या, "पण राखायची खोड काय जात न्हाय."

खोड होती खरी. त्यांच्याकडं फळ्या नव्हत्या की कप्पे नव्हते. सामान जमिनीवर घोळक्या-घोळक्यानं पडलेलं असायचं, आणि कुठला घोळका कुठल्या गाडीचा हे त्या टकळी न थांबवता सांगायच्या. मात्र ज्या वस्तू गाडीला डावी-उजवी अशा दोन लागतात, त्या त्यांनी काळ्या लोकरीच्या दोरीनं एकमेकींना बांधून ठेवलेल्या असत. अशी जोडी त्या सोडवायच्या नाहीत. कुणी कितीही गयावया केली तरी एकटा डावा नाही, एकटा उजवा नाही.

लासुर्ण्याचा एक ट्रॅक्टरवाला माझ्यासमोरच आला होता. पुढच्या चाकाला वळवणारा लोखंडी हात असतो, स्टेअरिंग आर्म म्हणतात त्याला, तो मोडला होता.

"आक्का, डावाच द्या फक्त. उजवा धड हाय."

"एका पायात वहाण घालून आलायस का?"

"न्हाय."

"मंग?"

"अवो, पण डावाच मोडलाय!"

"डावा मोडला तवा उजवा काय शाळंत गेलता?" आक्का म्हणाल्या. "दोघं एकाच गाडीला हुते न्हवं? मार दोघांनी खाल्लाय. एक वराडला, एक गप बसला, एवढंच."

ट्रॅक्टरवाला पुटपुटत निघून गेला. चहा पिऊन मी निघेपर्यंत तो परत आला आणि मुकाट्यानं जोडी घेऊन गेला. आक्कांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. टकळी फिरतच होती. ती टकळी हे त्यांचं खरं तोंड होतं. ती फिरत असेल तोवर समोरच्यानं काहीही बोलावं, ते त्यांच्या कानावरून जायचं. थांबली की समजायचं, आक्का ऐकायला लागल्या.

आक्का धीट होत्या असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. त्या माझ्यासारख्याच भित्र्या होत्या. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्यांना बसवत नसे. बाजाराला जायचं तर त्यांच्या स्वतःच्या जुन्या जीपमधून, तात्या चालवणार आणि आक्का शेजारी. एकदा जीपची बॅटरी गेली म्हणून त्या एसटीनं बारामतीला आल्या होत्या. मी स्टँडवर उभा होतो. परतीची गाडी लागली, लोक दारात चेंगरत होते, आणि आक्का पदर दातात धरून पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या.

कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आक्का, काय हरवलं का?"

"न्हाय. तुझं काय हरवलंय का ते बघती."

"गाडी डेपोतनं बघून दिल्याली असती, आक्का!"

"दिल्याली असती, व्हय. मला न्हाय दाखवून दिल्याली."

लोक हसले. आक्कांनी चाकाला हात लावला, खाली डोकावून घेतलं आणि मगच चढल्या. मला हसू आलं नाही. मला वाटलं, हे माणूस आपल्या जातकुळीचं आहे. माझ्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच होता की मला भीती वाटली की मी बसून राहायचो, आणि त्यांना भीती वाटली की त्या खाली वाकून बघायच्या.

आता ट्रकचं सांगतो.

आबांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात एक छोटा पेट्रोल ट्रक घेतला होता. नाकासारखं पुढं आलेलं बोनेट, डोळ्यांसारखे दोन गोल दिवे. वडील गेले, ट्रक राहिला. गावात त्याला म्हाताराच म्हणत. आबांनी तो विकला नाही, रंग देऊन, इंजिन बांधून जपला. आबांची मुलगी रूपाली लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्याचं स्टेअरिंग धरायची. तिचं लग्न निमगाव केतकीकडं ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला, की सासरी जाईन तर आजोबांच्या ट्रकातनं. केबिनमध्ये नवरी, करवली; मागं हौद्यात गाद्या टाकून बायका आणि पोरं. आणि स्टेअरिंगवर मी.

म्हाताऱ्याचे ब्रेक जुने, ड्रमचे. दाबला की तो आधी विचार करायचा, मग एका अंगाला ओढायचा. कालव्याच्या पुलावर एकदा कठड्याला घासून आला. तेव्हा आबांनी ठरवलं, पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि तिला दोन्हीकडून धरणारा चिमटा. उलटलेल्या एका जीपचे पुढचे भाग मिळाले. काटेवाडीचे नाना फिटर हे हुशार कारागीर; त्यांनी बुश बदलून, घासून-ठोकून ते म्हाताऱ्याला बसवले. ब्रेक असा लागायला लागला की सगळे खूश.

मी खूश नव्हतो. ब्रेक मारला की गाडी जागेवर थांबायची, पण थांबता थांबता स्टेअरिंग माझ्या हातात एकदा झटका द्यायचं. आणि वळणावर पुढचं टायर ओरडायचं, जसं काही एक चाक वळतंय आणि दुसऱ्याला फरफटत नेतंय. जुना ब्रेक ढिला होता तोवर स्टेअरिंगमधलं काही ढिलं असलं तरी झाकून जायचं. नवा ब्रेक इतका कडक पकडायचा की ते झाकलेलं उघडं पडायला लागलं.

मी नानांना सांगितलं.

"नवा ब्रेक हाय," नाना म्हणाले. "हाताला सवय व्हाया पाहिजे. तू लई ईचार करतोस गड्या."

आबांना सांगायचं धाडस होईना. लग्न परवावर आलेलं. मांडव पडलेला. परमुलखातला, नवखा ड्रायव्हर म्हणतोय की नानांचं काम बरोबर नाही, हे कोण ऐकून घेणार? म्हणतील, भितोय, आणि खोटं काय, भीतच होतो. नोकरी गेली तर कुठं जाऊ, आणि नाही बोललो तर त्या हौद्यातली पोरं. जेवण जाईना.

मांडवाची मोठी भांडी आणायला आबांनी मला म्हातारा घेऊन सणसरला पाठवलं. "जपून ने, नवरीची गाडी हाय," एवढंच म्हणाले. मी बाभळीपाशी गाडी वळवली. टायर ओरडलं.

आक्कांची टकळी थांबली.

"कोण रडतंय त्ये?" त्या म्हणाल्या.

मी खाली उतरलो आणि सगळं सांगून टाकलं. झटक्याचं, टायरचं, नानांचं, परवाच्या लग्नाचं. बोलता बोलता माझी बोली पार घरी जाऊन पोचली होती.

"मले भेव वाटते आक्का. लय भेव वाटते. अन् आबाले कोण सांगन? मले काढून टाकतीन."

"भ्या वाटतंय ते बरं हाय," आक्का म्हणाल्या. "भ्या म्हंजी कुत्रं. मेंढराजवळ कुत्रं पायजेच. फकस्त त्याला कळपात शिरू द्याचं न्हाय, कडंनं फिरवायचं. चल, बस वर. मी म्हणन तवा चाक हालीव. हळू."

मी स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं हलवत राहिलो. त्या पुढच्या चाकामागं वाकल्या. दोन्ही चाकं एकत्र वळावीत म्हणून मधून एक दांडी जाते. तिच्या टोकाला निमुळती खिट्टी असते, ती खिट्टी स्टेअरिंग आर्मच्या भोकात घट्ट बसते. आक्कांनी त्या जोडावर बोट ठेवलं, वैद्य नाडी बघतो तसं.

"हिकडची नाडी लागती," त्या म्हणाल्या. "अवं, हे सोडा बगू."

तात्यांनी डाव्या बाजूचा नट सोडला, आर्मला हातोडीचा एक टोला दिला. खिट्टी निघाली आणि तिच्याबरोबर एक पत्र्याचा तुकडा मातीत पडला. तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा. त्यावर अर्धं सूर्यफूल.

आक्कांनी घरातून तवा आणवला. तव्याखालची काजळी तेलाच्या बोटावर घेतली, खिट्टीला सारखी फासली, पत्रा न घालता ती भोकात बसवून फिरवली आणि बाहेर काढली. काजळी फक्त वरच्या काठाला पुसली गेली होती. बाकी खिट्टी काळीच्या काळी.

"बगितलंस? गळ्याला तेवढी लागली, अंगाला न्हाय. भोक मोठं हाय. ही खिट्टी जीपची, आन् ह्यो आर्म भलत्याच गाडीचा. शिवाय बोटभर आखूड बी हाय, म्हणून टायर रडतंय. उजवा जीपचाच दिसतोय. डावा उलटताना वाकला आसंल, म्हणून नानानं सापडला त्यो लावला आन् मधी पत्रा कोंबला."

"पत्रा चालत नाही काय?"

आक्कांनी मातीतला पत्रा उचलला. मग म्हणाल्या, "मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसरं येक पोरकं आसलं, तर मेल्याल्याचं कातडं त्या पोरक्याच्या अंगावर घालायचं. मेंढी वास घेती, फसती, दूध देती. आमी केलंय ते. मेंढीला फसवता येतं. रस्त्याला न्हाय फसवता येत."

मग त्यांनी उजवा आर्मही उतरवायला लावला. धुण्याच्या सपाट दगडावर ठेवून एका बाजूनं बोटानं दाबला. तो डुगडुगला. जीप उलटताना यानंही मार खाल्ला होता, फक्त गप बसला होता.

"परत लावा दोन्ही," त्या तात्यांना म्हणाल्या. "पत्र्यासकट."

"पुन्हा?" मी घाबरून म्हणालो.

"आबांना रोग दाखवाया पायजे का न्हाय? आवशीद दाखवून माणूस भीत न्हाय."

त्यांनी चारी चाकांना दगड लावले, बंपरवर बसल्या आणि टकळी काढली. भांडी आणायला गेलेली गाडी आली नाही म्हणून आबा मोटारसायकलवरून शोधत येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मला पळून जावंसं वाटत होतं, पण पळायचं तर गाडी दगडांत अडकलेली. आबा आले. मागं नाना फिटर.

"काय बायडाबाई!" आबांचा आवाज चढलेला. "आमचा म्हातारा भंगारात घातला व्हय?"

"अजून न्हाय घातला. पर तुमी वाट धरलीया."

"ह्यानं काय सांगितलं तुमाला?" आबा माझ्याकडं बोट करून म्हणाले.

"ह्यो काय सांगतोय, ह्याच्या तोंडातनं सबूद फुटंना. टायर रडताना मी ऐकलं." टकळी फिरतच होती. "आबा, ह्यात लेक बसणार न्हवं तुमची?"

"बसणार. परवा."

"मंग हितं वाका. बोट ठेवा. वऱ्हाड्या, हालीव चाक."

पांढऱ्याशुभ्र धोतरातले आबा चाकामागं मातीत वाकले. मी वर बसून स्टेअरिंग हलवलं. डावीकडं. उजवीकडं. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नुसता फेटा दिसत होता. तो हलायचा थांबला.

"टिक टिक करतंय," आबा म्हणाले. आवाज उतरला होता.

"आता ब्रेक दाबल्यावर केवढं करत आसंल ते बघा."

आबा उठले. गुडघ्याची माती झटकली नाही. "नाना?"

नानांनी टोपी काढली. "आबा, तुमी रोज ईचारत हुता, झालं का, झालं का. ह्या जीपचे आर्म कुठं घावंनात. मी म्हणलं, लगीन झालं की बदलू. मन खात हुतं माझं."

"लगीन झालं की," आबा हळूच म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग पुण्याला माणूस धाडायची गोष्ट निघाली. नाना म्हणाले, ती जीप आता बनत नाही, जुन्या बाजारात हुडकायला वेळ लागेल. आबा म्हणाले, मग दुसरी गाडी करू. आणि म्हणता म्हणता त्यांना लेकीचा हट्ट आठवला असावा, कारण वाक्य अर्ध्यात राहिलं. आणि हळूहळू सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. बाभळीच्या पलीकडं, सावलीत, आक्कांची जीप उभी होती. उलटलेल्या जीपच्याच साच्यातली.

आक्कांनी ती नजर पाहिली. टकळी जोरात फिरायला लागली. इतकी जोरात मी कधी पाहिली नव्हती.

"बायडे, न्हाय हां," तात्या म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

टकळी फिरत राहिली. धागा लांबत जमिनीपर्यंत आला. मग थांबली.

"अवं, जॅक काढा."

"आन् बाजाराला कशानं जायाचं?"

"यष्टीनं."

"तुला यष्टी चालती व्हय?"

"चालंल. खाली बघून चढंन. आपल्या घरात काय परवा लगीन न्हाय."

तात्यांनी जीप उचलली. मी दगड लावले, नानांनी दोन्ही आर्म उतरवले. जीप पुढून दगडांवर बसली, चाकं अधांतरी. मग नाना म्हाताऱ्याखाली शिरले ते ऊन उतरेपर्यंत बाहेर आले नाहीत. शेवटी त्यांनीच काजळी मागितली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आळीपाळीनं फासून, फिरवून बाहेर काढल्या आणि आक्कांसमोर धरल्या, शाळेतलं पोर पाटी धरतं तसं. काजळी सगळ्या अंगाला सारखी पुसली गेली होती. आक्कांनी मान डोलावली. सगळं घट्ट झाल्यावर त्यांनी काळ्या लोकरीचा एक-एक वेढा दोन्ही आर्मना बांधला. "आता ही जोडी ह्याची," म्हणाल्या.

भांडी भरून परतताना मी वळण घेतलं. टायर गप. आबा शेजारी बसले होते, नाना मोटारसायकल घेऊन मागं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू बायडाबाईकडं मुद्दाम गेलतास न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"बरं केलंस," आबा म्हणाले. "पर पुढच्या बारीला आधी माझ्याकडं ये. मी काय खात न्हाय."

लग्नाच्या दिवशी आक्का काटेवाडीला आल्या नाहीत. नवरीला घेऊन मी निघालो. हौद्यात बायकांची गाणी, पोरांचा कालवा, आणि माझे कान पुढच्या टायरवर. सणसर ओलांडलं तर बाभळीपाशी रस्त्याच्या कडेला आक्का उभ्या. नवरीकडं त्यांनी पाहिलं नाही, सजवलेल्या बोनेटकडंही नाही. वाकून पुढच्या चाकांकडं बघत होत्या. त्यांच्यासमोरच्या वळणावर मी मुद्दाम गाडी हळू केली. नुसत्या सावलीसारखा वळला म्हातारा. आक्कांनी टकळी वर उचलून हलवली. मागच्या बायकांना वाटलं, कुणी म्हातारी नवरीला निरोप देतेय. त्यांनीही हात हलवले.

लासुर्ण्याच्या पुढं एक वासरू दावं तोडून रस्त्यावर आलं. मी ब्रेक दाबला. स्टेअरिंग हातात शांत राहिलं. गाडी सरळ रेषेत थांबली, हौद्यात रुखवताची भांडी वाजली, एक पोरगं हसलं. वासरू आमच्याकडं बघून निघून गेलं.

"दादा," रूपाली रडून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाली, "आजोबांचा ट्रक असा कधी थांबला न्हवता."

मी नुसता गिअर टाकला.

त्या जोडीचे पैसे आबांनी दिले आणि आक्कांनी मोजून घेतले. फुकटचा मोठेपणा त्यांना आवडत नसे. पण पैशानं जीप दगडांवरून उतरत नाही. लग्नानंतर मी आक्कांना म्हणालो, आता म्हातारा घरीच उभा राहतो, जोडी काढून परत आणतो.

"खुळा हायस का?" त्या म्हणाल्या. "काढलीस की नाना पुन्हा पत्रा कोंबल. आज न्हाय तर दिवाळीला कोण तरी त्यात बसंलच. लावल्याली जोडी मोडायची न्हाय. तुला द्यायचंच आसंल तर जोडीला जोडी आण."

"आणीन," मी म्हणालो.

तिथं होतो तोवर हुडकली. जंक्शन गावात, इंदापुरात, बारामतीच्या गॅरेजांत. एकटा डावा मिळाला, दोनदा एकटा उजवा मिळाला. आक्कांकडं एकटा घेऊन जायची छाती झाली नाही. दर फेरीला बाभळीखाली ती जीप दिसायची. आधी तिच्याखाली कोंबड्या बसायला लागल्या, मग हौद्यात सरपण आलं. आक्का त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पहिल्यासारखाच पुढं यायचा.

वडील आजारी पडले आणि मला गाव जवळ करावं लागलं. बारामतीच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभा होतो. इंदापूरची गाडी लागलेली, लोक चेंगरत होते. आणि पुढच्या चाकापाशी, पदर दातात धरून, बाजाराची पिशवी शेजारी ठेवून आक्का उकिडव्या बसलेल्या. ड्रायव्हर आता त्यांना ओळखत असावा.

"काय आक्का, पास का नापास?"

"ह्या बारीला पास," म्हणून त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पूर्वीपेक्षा सावकाश. मी हाक मारली. त्यांनी गर्दीत इकडंतिकडं पाहिलं, मी दिसेपर्यंत दारातून आत ढकलल्या गेल्या होत्या. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांचा हात आला, दोन बोटं वर.

"वऱ्हाड्या! दोन्ही हां! डावा आन् उजवा!"

इकडं माझ्या मुलखात आता मी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. भीती अजून आहे. ती मी कडेकडेनं फिरवतो. रस्त्यात जुन्या गाड्यांच्या सामानाचा ढीग दिसला की थांबतो, वाकतो, विचारतो. लोक म्हणतात एकटा घेऊन जा, जोडी कुठं मिळणार. मी म्हणतो, नको.

मिळेल. कुठंतरी एक जीप अशी असेल जी कधी उलटली नाही, जिच्या दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला नाही. तिची जोडी मी सपाट दगडावर ठेवून बघेन, खिट्टीला काजळी लावून बघेन, आणि काळ्या लोकरीनं बांधून सणसरला घेऊन जाईन. सरपण बाजूला काढीन, कोंबड्या हाकलीन, जीप दगडांवरून खाली उतरवीन. पहिल्या फेरीला तात्या चालवतील, आक्का शेजारी बसतील. त्याआधी त्या खाली वाकून बघतील, तेवढा वेळ मी थांबीन.